डोहावरची गुबगुबीत पाटी

नदीकाठच्या एका गावात भागोजी नावाचा एक पेंटर राहत असे. गावातली एकूण एक पाटी त्याच्या हातची. त्याची अक्षरे जाडजूड आणि गुबगुबीत, टोकदार कोपरा म्हणून शोधून सापडायचा नाही. भेळेच्या गाडीवर, जत्रेतल्या पाळण्यावर ती मजेत बसलेली असत. पोरे त्यांवरून बोटे फिरवीत. भागोजीला त्यांचा भारी अभिमान. अभिमान वाटावा अशीच होती म्हणा! पण दुसरे कुठलेही वळण त्याला रुचतच नसे.

एकदा सरपंच कौसल्याबाईंनी त्याला डोहाकाठी पाटी रंगवायला सांगितली. भागोजीने खडू फासलेली दोरी ताणून रेघ पाडली आणि जीव ओतून लिहिले, 'डोह खोल आहे. पाण्यात उतरू नये.' अक्षरे पिवळी-केशरी, लाडवासारखी गोल. सुंदर गावाच्या स्पर्धेचे परीक्षक रविवारी यायचे होते. "ही पाटी बघून तुमचा सत्कार झालाच म्हणून समजा," बाई म्हणाल्या. भागोजीला आकाश ठेंगणे झाले.

शनिवारी सकाळी डोहाकडून आरडाओरडा ऐकू आला. सहा वर्षांची मैना पाण्यात पडली होती. धुणे धुणाऱ्या बायकांनी वेणीला धरून ओढली म्हणून वाचली. भागोजी धावत पोचला, तेव्हा जो तो त्या पोरीवरच डाफरत होता. "एवढी मोठी पाटी दिसली नाही का गं?"

"दिसली की! म्हणून तर आले," मैना हुंदके देत म्हणाली. "मला अजून वाचता येत नाही. वाटलं, इथं पाळणा आलाय."

भागोजीने वळून आपल्या गुबगुबीत अक्षरांकडे पाहिले. त्याला कुणीच बोल लावला नव्हता. तो गप्प राहिला असता, तर उद्याचा हार त्याच्याच गळ्यात पडला असता. पण तो तडक घरी गेला, डबा घेऊन आला आणि आपल्या लाडक्या अक्षरांवर पांढरा रंग फासू लागला.

"अहो भागोजी, निदान उद्याचा दिवस तरी थांबा!" कौसल्याबाई कळवळल्या.

"बाई, तेवढ्यात आणखी एखादं लेकरू आलं तर?"

रंग वाळताच त्याने लालभडक, टोकदार, काटेरी अक्षरे काढली. त्याला ती मुळीच आवडली नाहीत. परीक्षकांनाही आवडली नाहीत. त्यांनी नाक मुरडले आणि सत्कार शेजारच्या गावच्या पेंटरचा झाला. भागोजीला वाईट वाटले, खोटे कशाला सांगा!

सोमवारी तो नदीवर ब्रश धूत बसला होता. मैना मैत्रिणीला घेऊन तिकडे आली. पाटी दिसताच ती जागीच थबकली आणि मैत्रिणीचा हात धरून मागे वळली. "चल गं, ही पाटी रागावलीय," ती म्हणाली.

भागोजी पोटभर हसला. इतके कौतुक त्याच्या अक्षरांचे आजवर कुणी केले नव्हते.

तात्पर्य: आपली कला ज्याच्यासाठी, त्याचे भले आधी पाहावे; त्यापायी आपल्या हाताने आपलेच कौतुक पुसावे लागले तरी मागे हटू नये.