मिर्तोच्या तीन गारगोट्या

दुपारचे बरोबर बारा वाजले होते. घड्याळं त्या काळी नव्हतीच, पण मिर्तोची इवलीशी सावली तिच्याच पावलांखाली जाऊन लपली होती, म्हणजे बाराच. ग्रीस देशातल्या त्या चिमुकल्या बेटावर ही वेळ वाईट समजत. भर बाराला झऱ्यावर जायचं नाही, तिथे पऱ्या डोळे मिटून पडलेल्या असतात, त्यांची झोपमोड झाली तर माणसाला वेड लागतं, असं सगळे सांगत. मिर्तो आठ वर्षांची होती आणि तिला हे सगळं पाठ होतं. तरी ती कमरेवर रिकामी घागर घेऊन दगडांच्या वाटेनं पळत सुटली होती, कारण घरात आई तापानं फणफणली होती आणि प्यायला थेंबभर पाणी नव्हतं.

तापाचा आज नववा दिवस. पहिले दोन दिवस आई म्हणाली, अंग मोडून आलंय, जाईल. चौथ्या दिवशी तिनं सूतकताईची टोपली भिंतीशी सरकवली ती पुन्हा ओढलीच नाही. सातव्या दिवशी ती मिर्तोला भलत्याच नावानं हाका मारू लागली. आज तर तिचे ओठ वाळल्या अंजिरासारखे झाले होते. बाबा समुद्रात स्पंज काढायला गेले, त्याला तीन हिवाळे झाले. घरात दोघीच, एक चूल, आणि मडक्याच्या तळाशी मूठभर जव. पळता पळता मिर्तोच्या मनात सारखं येत होतं, आपण इथे आणि आई तिथे एकटी, एवढ्यात काही झालं तर. त्या "तर"च्या पुढे ती मनाला जाऊच देत नव्हती.

झरा आला. गुलाबी कण्हेर दोन्ही काठांवर अशी फुलली होती की पाणीसुद्धा गुलाबी दिसावं. निळ्या चतुर माश्या चमचम करत फिरत होत्या. मिर्तोनं घागर बुडवली, अर्धी भरलीही, आणि मग तिला आठवलं. पहिली ओंजळ झऱ्याची असते. आपण घ्यायच्या आधी त्याला द्यायची, हात जोडून विचारायचं, मग घ्यायचं. घाईत ती विसरली होती. तशीच निघून गेली असती तर कोण बघणार होतं? पण तिनं ती अर्धी घागर पुन्हा झऱ्यात रिकामी केली, ओंजळ भरून काठावरच्या दगडावर वाहिली आणि हळूच म्हणाली, "माफ करा. आई आजारी आहे, म्हणून चुकले."

"चुकलीस कुठे? परत दिलंस ना," कुणीतरी म्हणालं.

कण्हेरीच्या पाकळ्या सरकल्या आणि तिथे एक परी बसलेली दिसली. तिचा झगा पाण्याचा होता की उन्हाचा, ते कळत नव्हतं. केसांत दवाचे मोती, पायांत शेवाळ्याची हिरवी मऊ पैंजणं, आणि डोळे झऱ्याच्या तळासारखे निळेशार. मिर्तोनं घागर घट्ट धरली. वेड लागलं तर लागलं, पण घागर पडू द्यायची नाही, एवढंच तिनं ठरवलं.

"घाबरू नकोस गं सोनुली," परी म्हणाली आणि तिनं पाण्यातून तीन गारगोट्या उचलून मिर्तोच्या हातावर ठेवल्या. बोराएवढ्या, पांढऱ्याशुभ्र, आत सोनेरी ठिणगी लुकलुकणाऱ्या. एकेका गारगोटीत एकेक इच्छा होती. मुठीत धरायची आणि बोलायची.

मिर्तोनं तिथल्या तिथे मूठ आवळली. "माझ्या आईला..."

"थांब. आधी नियम ऐक." परीनं तिची मूठ आपल्या गार हातांत घेतली. ज्याच्या हातात गारगोटी असेल त्यानं स्वतःसाठी किंवा आपल्या घरच्यांसाठी काही मागायचं नाही. मागितलं तर ते फळत नाही आणि गारगोटी विझते. गारगोटी दुसऱ्याला देता येते, हे नियमही त्याला सांगता येतात, पण त्याच्याकडून बदल्यात काही मागायचं नाही आणि त्यानं काय मागावं हे सुचवायचं नाही. आणि आजचा सूर्य समुद्रात बुडाला की उरलेल्या गारगोट्या साधे खडे.

मिर्तोचे डोळे भरून आले. "मग मला काय उपयोग यांचा, परीताई?"

"नियम मी केलेले नाहीत," ती म्हणाली. "मलाही तेच आहेत. एवढं पाणी माझ्याजवळ, पण मला माझी तहान भागवता येत नाही. कुणीतरी ओंजळ वाहावी लागते."

एवढं बोलून ती पाकळ्यांमागे दिसेनाशी झाली. मिर्तोनं घागर भरली आणि घरी आली. आईच्या ओठांवर पाण्यानं भिजवलेलं बोट फिरवलं, कपाळावर ओली घडी ठेवली. घडी बघता बघता गरम झाली. मिर्तोनं विचार केला, आपण मागायचं नाही, पण दुसऱ्या कुणाला वाटलं तर? आईवर माया असणारं कुणी?

शेजारची दोरिसमावशी आईची लहानपणची मैत्रीण. ती अंगणात ऑलिव्ह निवडत बसली होती. मिर्तोनं तिच्या हातात गारगोटी दिली, नियम सांगितले आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मावशीनं गारगोटी उजेडात फिरवून पाहिली. "अगं बाई, तुमच्या घरातून मला कधी चिमूटभर मीठ आलं नाही, आणि आज एकदम हे? आणि माझ्यासाठी मागायचंच नाही म्हणे. मग मागू तरी कुणासाठी?" तिनं खूप विचार केला. मिर्तोच्या घराकडे तिची नजर एकदा गेलीसुद्धा. पण मावशीची नजर पुढे सरकली, समोरच्या घरावर गेली, आणि तिचा चेहरा खुलला. "माझ्या लेकीच्या होणाऱ्या सासूला थोडं शहाणपण येऊ दे."

गारगोटीतली ठिणगी फुरकन उडाली. शहाणपण लगोलग आलं. मिर्तो कोपऱ्यावर पोचते तोच समोरच्या घरातून निरोप आला, की हुंड्यातले दोन बोकड आम्हाला नकोत, पण मुलीच्या आईनं लग्नानंतर आमच्या घरी येऊन राहायचं नाही. दोरिसमावशीचा आवाज गल्लीभर ऐकू आला. मिर्तोला हसू आलं नाही.

दुसरी गारगोटी देवळातल्या म्हाताऱ्या पुजारीणबाईंना द्यायची, असं तिनं ठरवलं. बाई मायाळू होत्या. देवळाची वाट किनाऱ्यावरून जात होती. दुपारचा वारा आता चांगलाच चढला होता, आणि किनाऱ्यावर दहाबारा माणसं हाताची घडी घालून उभी होती. समोर एक होडी लाटांवर गटांगळ्या खात होती. आत एकच माणूस. वल्ही गेलेली. खालचा काळा खडक तिला ओढून घेत होता. माणसं आपापसात कुजबुजत होती, की परक्याची होडी आहे, ताप असाच होड्यांतून येतो, फिलिनाला काय झालंय बघा. फिलिना म्हणजे मिर्तोची आई.

ही गारगोटी आईची आहे, मिर्तोनं स्वतःला बजावलं. पुजारीणबाईंना द्यायची आहे. मग होडीतल्या माणसानं एक हात वर केला. त्याच्याही घरी कुणी वाट बघत बसलं असेल. बाबांनीही कधीतरी असाच हात वर केला असेल, आणि किनाऱ्यावर अशीच माणसं उभी असतील.

"त्या होडीला किनारा लागू दे," ती म्हणाली, आणि मूठ रिकामी झाली.

लाटेनं होडी अलगद उचलली आणि वाळूत आणून ठेवली. मिर्तो थांबली नाही. आईला एकटं सोडून फार वेळ झाला होता. देवळात जायच्या आधी एकदा बघून येऊ म्हणून ती घरी धावली. आई होती, श्वास होता, पण पातळ, कोळ्याच्या धाग्यासारखा. मिर्तोनं उरलेल्या जवाची पेज केली. एक वाडगा झाली. फुंकर मारत ती आईजवळ बसली, तेव्हा बाहेर एकामागून एक दारं लागल्याचे आवाज येऊ लागले. होडीतला माणूस गल्लीतून वर येत होता. दोरिसमावशीचं दार लागलं. समोरचं लागलं. मग मिर्तोच्या उंबऱ्यापाशी तो येऊन उभा राहिला. म्हातारा, दाढीत मीठ सुकलेलं, एक पाय खरचटलेला. तो काही मागत नव्हता. नुसता उभा होता.

"कोण आलंय?" अंथरुणातून आईनं विचारलं. तीन दिवसांत ती असं नीट बोलली नव्हती.

"परका माणूस आहे, आई."

"मग बाहेर का? परका माणूस झ्यूसदेवाचा असतो. पाय धुवायला पाणी दे. खायला दे. आणि पोट भरेपर्यंत त्याला नावगाव विचारू नकोस, कळलं ना बाळ?"

"खायला फक्त तुझी पेज आहे."

"मग ती दे," आई म्हणाली आणि तिचे डोळे मिटले.

मिर्तोला आईचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच इतका आला. तरी तिनं चुलीजवळ घोंगडी पसरली, म्हाताऱ्याचे पाय धुतले, खरचटल्या जागेवर तेलाचं बोट लावलं आणि वाडगा पुढे ठेवला. म्हाताऱ्यानं वाडग्याकडे पाहिलं, अंथरुणाकडे पाहिलं, आणि वाडगा घेतला. यजमानानं दिलेलं परत करणं हा त्या घराचा अपमान झाला असता.

त्याला दात चारच होते. तो एकेक घास घोळवून घोळवून गिळत होता. दारातून येणारा उन्हाचा पट्टा पिवळ्याचा नारिंगी झाला, भिंतीवर चढला. मिर्तोच्या मुठीत तिसरी गारगोटी घामानं ओली झाली होती. आत्ता धावत गेलं तर देऊळ गाठता येईल. पण पाहुणा जेवत असताना घरातल्यांनी उठून जायचं नाही. त्याला घाई करायची नाही. तू कोण, कुठला, काहीच विचारायचं नाही. हा कसला बाई नियम, आईचा श्वास तिकडे तुटतोय आणि हे आजोबा वाडग्याचा तळ चाटतायत. ती बसून राहिली. पायाची बोटं घोंगडीत रुतवून बसून राहिली.

शेवटी त्यानं वाडगा खाली ठेवला. आपलं नाव थेरॉन, असं सांगितलं. दूरच्या बेटावर त्याची लेक होती, तिला बाळ झालं होतं, ते बघायला तो निघाला होता. आता अंधार व्हायच्या आत पलीकडच्या बंदरावर पोचलं पाहिजे, तिथून सकाळी जहाज सुटतं. तो उठला.

उठलेल्या पाहुण्याला घरानं काहीतरी भेट द्यायची असते. मोठी माणसं चांदीचे पेले देतात. मिर्तोनं घरावरून नजर फिरवली. घागर, घोंगडी, आईची सूतकताईची टोपली. मग तिनं मूठ उघडली. बाहेर सूर्याचा काठ समुद्राला टेकला होता.

तिनं सगळे नियम भराभर सांगितले. पुढचं एक वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं दातांनी धरून ठेवलं. धरता धरता ओठातून रक्त आलं.

"म्हणजे माझ्या नातवासाठी चालणार नाही," थेरॉनआजोबा पुटपुटले. ते गारगोटीकडे बघत राहिले. बराच वेळ. सूर्य अर्धा बुडाला. मिर्तोच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती हलत नव्हती, न जाणो, तेवढ्या हालचालीनंही काही सुचवल्यासारखं होईल.

"मला इतकं आठवतं," ते सावकाश म्हणाले, "की आमच्याकडे पाहुणा निघाला की घरची मालकीण त्याला दारापर्यंत पोचवते. तसं केल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. तुझ्या आईचं नाव काय, पोरी?"

"फिलिना."

म्हाताऱ्यानं मूठ मिटली. "या घरची मालकीण फिलिना आपल्या पायांनी उठू दे आणि मला दारापर्यंत पोचवायला येऊ दे."

ठिणगी उडाली. सोनेरी भुकटी झाली, अंथरुणावर भुरभुरली. आईच्या कपाळावर घामाचे थेंब डवरले, एकदोन, मग भराभर. तिनं डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मिर्तो, अगं पाहुणे निघाले आणि मला उठवलं नाहीस?" भिंतीला धरून ती उभी राहिली. एक पाऊल, दुसरं पाऊल. मिर्तो तिच्या कमरेला बिलगून चालली. उंबऱ्याशी आईनं थेरॉनआजोबांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि पुन्हा या म्हणाली. तिचे हात गार होते. मिर्तोनं तीनतीनदा हात लावून पाहिलं. गार होते.

आजोबा उतारावरून दिसेनासे झाले तेव्हा सूर्याची शेवटची कड उरली होती. त्या उजेडात, दारासमोरच्या वाटेवर, झऱ्यावरची परी उभी होती. झगा गुलाबी, सोनेरी, जांभळा होत होता.

"परीताई, असं होणार हे तुला आधीच माहीत होतं ना?" मिर्तोनं विचारलं.

"नाही गं," परी म्हणाली. "तू पाहुण्याजवळ बसून राहिलीस तेव्हा माझाही जीव टांगणीला लागला होता." ती वाकली, मिर्तोच्या ओठावरचं रक्त आपल्या गार बोटानं टिपलं, आणि मग ती उजेडच होऊन गेली, छोट्या छोट्या ठिणग्यांचा, समुद्रावर लांबवर पसरत जाणारा.

त्या रात्री दोरिसमावशी भाकरी घेऊन आली, जरा खाली मान घालूनच. आईनं तिलाही आत बसवलं, आधी वाढलं, आणि काही विचारलं नाही.

ऐकलंत ना बाळांनो? मग उद्या एवढं करा, तुमच्या शेजारच्या एका घरी जाऊन सांगा: दारात कुणी दमूनभागून आलं तर आधी पाणी द्या, नाव मागाहून विचारा. आणि ज्यांना सांगाल त्यांना म्हणा, तुम्हीही पुढच्या घरी सांगा. आपलं कुणी दूरच्या वाटेवर असलं तर त्याच्या आधी ही गोष्ट तिथे पोचलेली बरी.