टाकीत उरलेली हवा

"पण तात्या, कोणता एअरब्रश घेऊ ते तरी सांगा. स्वस्तातला घेतला तर सर हसणार, आणि महागातला मला या जन्मात परवडत नाही."

सुलक्षणा एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे बोटभर मावळे रंगवायचा तिला भारी नाद. यंदा पहिल्यांदाच ते हौशी मंडळाच्या प्रदर्शनात मांडायचे होते, उद्याच. मंडळाच्या सरांनी तिला चारचौघांत सुनावलं होतं, हवेच्या झोताने रंग उडवणारा परदेशी एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा मोठा कॉम्प्रेसर नसेल तर आमच्या टेबलाकडे फिरकू नका. असली माणसं माझ्या डोक्यात जातात, पण ते असो.

गुंडूतात्या कुंभार चाळीस वर्षं गणपती रंगवतायत. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. हातातला एअरब्रश तिच्यापुढे धरला.

"ह्यो घे. चालव."

एअरब्रश साधा देशी. कॉम्प्रेसर जुन्या फ्रीजमधून काढलेला, हवेची टाकी ट्रकच्या ब्रेकची. सुलक्षणाने नाक मुरडलं.

"भंगारातलं आहे हे."

"व्हय."

...

तिने हवेचा दाब पार वर चढवला. सर मंडळात सगळ्यांना तसंच सांगायचे. सोबत आणलेल्या एका मावळ्याची भुवई काढायला गेली आणि रंग फुटून गालभर पसरला. बिचाऱ्याचं तोंड काळं झालं.

"बघा. म्हणून म्हणते, मशीनच भारीतलं पाहिजे."

तात्यांनी दुसरा मावळा पुढे ठेवला. रंगात थेंब थेंब पाणी घातलं, दुधाइतका पातळ होईपर्यंत. मग कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.

"अहो, बंद काय केलंत?"

"थांबू नगंस."

"टाकीतली हवा संपेल की."

"संपू दे. तू जवळ जा."

ती चिडली होती. ओठ दाबून पुढे वाकली. दाबाचा काटा हळूहळू उतरत होता. एअरब्रशचं टोक मावळ्याच्या कपाळाला टेकतंय की काय, इतकं जवळ गेलं.

...

कमी दाबात रंग फुटला नाही, केसाएवढी भुवई उमटली. मग दुसरी. मग मिशी, टोकाला वळलेली.

तिने पुढचा मावळा घेतला, मग त्याच्या पुढचा. चौथ्याची मिशी पुरी झाली आणि हवा संपली.

तिने चौघांना ओळीत उभं केलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता.

"उद्या हेच मांडणार मी. कुणाच्या बापाला भीत नाही."

"मांड की."

"पण सर विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. कोणतं मशीन होतं म्हणतील. काय सांगू त्यांना?"

तात्या एअरब्रश धुवायला लागले होते.

"सांग, बंद हुतं."