संगणकाची गवसणी

घरोघरी संगणक नवलाईचा होता, त्या काळची गोष्ट. वत्सलाकाकूंनी पेटीला शिवतात तशी जाड, नक्षीदार गवसणी संगणकाच्या डब्यालाही शिवली. धूळ नको बसायला! गवसणी अशी फुगली की विचारू नका.

आतला पंखा मात्र सारखा घरघरायचा. "अगं, जरा सरक ना! आत वारा येत नाही, जीव गुदमरतोय."

"तुझी कटकट रोजचीच," गवसणी फणकारायची. "मी आहे म्हणून धुळीपासून वाचलायस."

एके दुपारी काकूंची पुतणी केतकी संगणकावर गाड्यांची शर्यत खेळत होती. शेवटच्या वळणावर ती पहिली होती, आणि पडदा काळा झाला!

"रोज असंच होतं! काकू, हा पंखाच बिघडलाय. ऐक, किती ओरडतो!"

गवसणी गालात हसली. तेवढ्यात काकूंनी डब्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई, ओरडेल नाहीतर काय? तापून तवा झालाय नुसता!"

त्यांनी गवसणी ओढून काढली. पंखा हळूहळू शांत झाला. केतकीने शर्यत जिंकली.

रात्री जेवताना काकूंनी गवसणीची घडी घालून तिच्यावर आमटीचं उकळतं पातेलं टेकवलं. गवसणी कळवळून ओरडली. कुणाचंच लक्ष गेलं नाही.

पंख्याला मात्र पहिल्याच हाकेला ऐकू गेलं.