बिनपात्याचं चाक

खिंड उतरून खाली आलात की डाव्या अंगाला शिकलगार वस्ती. वस्तीच्या तोंडाला दगडी ओटा, आन ओट्यावर धार लावायचं चाक. बघा, हात लावा, हरकत न्हाई. पन विळा काढून धार लावून द्या म्हनाल, तर हितं मिळायची न्हाई. घरोघरी मिळंल. ह्या चाकाला कैक पिढ्या पातं लागलेलं न्हाई. उन्हं कलली की हितं दोन मानसं बसत्यात. येक चाकाची चामड्याची वादी ओढतो, दुसरा समोर नुस्ता बसतो. त्या समोरच्याला काय इचारायचं न्हाई. नाव न्हाई, गाव न्हाई, कुटं व्हतास त्ये तर न्हाईच न्हाई. मागल्या साली येक पेपरवाला इचाराया लागला, त्याला मी बखोट धरून खाली उतरवला. राग आला असंल त्याला. येऊ दे.

आता ऐका. माझ्या आज्यानं सांगितलेलं सांगतो, त्याला त्याच्या आज्यानं. खरंखोटं अल्लाला ठाऊक.

संस्थानचं राज्य व्हतं तवाची गोष्ट म्हनं. आमची मानसं सरकारच्या तलवारी घासायची, त्यांना पानी चढवायची. मग लढाया सरल्या, तलवारी भिताडाला टांगल्या. वस्तीला ऱ्हायलं विळ्या-कोयत्याचं काम. वर आनी येक बट्टा. गावात कुटं बी घर फोडलं की पाटील आदी शिकलगाराच्या दारात. का, तर ह्यांच्या घरात पाती असत्यात. आरं, गावाचीच पाती ती, धारंला आलेली. पन ऐकतो कोन.

वस्तीत इलाही म्हनून उस्ताद व्हता. डोक्यानं गरम, हातानं लई हुशार. त्याला येकच पोरगा, दस्तगीर. तुमाला आदी चाकाची रीत सांगतो. चाकाला दोन मानसं लागत्यात. आसाला चामड्याची वादी गुंडाळलेली असती. येक जन तिची दोन टोकं आळीपाळीनं ओढतो, तवा चाक फिरतं. दुसरा समोर बसून पातं धरतो. वादी पोरानं ओढायची, पातं उस्तादानं धरायचं. धा वर्सं वादी ओढली की मग पोराला समोरची जागा मिळती. दस्तगीरनं आठव्या वर्साला वादी धरली. पुढल्या ईदंला बाप त्याला समोरची जागा देनार व्हता. पोरगं डावखुरं. चोरून हातदगडावर पाती घासायचं, आन त्याची धार जरा येका अंगाला झुकायची. बाप बोट फिरवून म्हनायचा, "ही कुनी लावली मला कळत न्हाई व्हय?"

त्या साली गावात येका सावकाराचं कपाट फुटलं. पाटलानं दस्तगीरला उचलला, दोन दिस चावडीच्या खांबाला बांधला. तिसऱ्या दिशी सावकाराचाच भाचा सापडला, तवा सोडला. पोरगं घरी आलं. मनगटं सोललेली. बाप म्हनाला, "झालं त्ये झालं. मान खाली घाल आन वादी धर."

दस्तगीर म्हनाला, "अब्बा, मान खालीच व्हती की. तशीच बांदली त्यांनी."

आन गेला. खिंडीत तवा सर्जाची टोळी असायची, येनारंजानारं लुटायची. सर्जा चांगला मानूस न्हाई, पन येक करायचा म्हनं. पोरगं गेलं की उठून उभा ऱ्हायचा, "या दस्तगीरखान" म्हनायचा. गावात ज्याला कुनी नीट हाक मारली न्हाई, त्याला हे भाकरीपरास गोड लागतं. वरसभरात वस्तीची अकरा पोरं वर गेली. नाव तर आपलंच येतंय, मग करूनच बघू, असं म्हनत गेली.

इलाहीनं चाक उचलून वस्तीच्या तोंडाला आनलं, ह्या ओट्यावर. रोज सांजंला आपल्या जागंवर खिंडीकडं तोंड करून बसायचा. समोर वादी पडलेली. येनारीजानारी म्हनायची, "म्हातारा वाऱ्याला धार लावतोय." त्यो बसून ऱ्हायचा. घरात त्याची बायको रहिमतबी रोज येक भाकर जादा थापायची.

आठ महिन्यांनी येक गाडीवान आला. दंडाला फडकं बांधलेलं, रगत वाळलेलं. खिंडीत लुटला व्हता त्याला. मारनाऱ्याच्या हातनं कोयता पडला, त्यो यानं उचलून आनला. म्हनाला, "हे ठिवून घ्या, माझ्या घरात नगं." इलाहीनं पात्यावर अंगठा फिरवला. धार येका अंगाला झुकलेली. त्यानं गाडीवानाला पानी दिलं, जखम बांधली, आन कोयता आपल्याकडं ठिवून घेतला.

चारच दिसांनी, असं सांगत्यात, सांज व्हायला आली असताना दस्तगीर वळनावरून खाली उतरला. येकटा. अंगावर भारी फेटा, पायात चांगला जोडा, तोंड मातुर उतरलेलं. ओट्याशी आला. बापाकडं बघितलं न्हाई. जोडा काढला, खाली बसला, वादी उचलली आन ओढाया लागला. चाक फिरलं. आतनं रहिमतबीनं आवाज ऐकला, तिनं तवा चुलीवर टाकला.

हितं इलाहीची मती फिरली. कोयता मांडीखाली ठिवलेला, त्यो काढला, फिरत्या चाकाला टेकवला, आन इचारलं, "ह्याच्याखाली कोन कोन पडलं?"

चाक थांबलं. दस्तगीरनं वादीची दोन टोकं जुळवली, नीट घडी घातली, बापानंच शिकवली व्हती तशी. खाली ठिवली. जोडा हातात घेतला आन चढाला लागला. रहिमतबी भाकर घिऊन भाईर आली तवा त्यो वळनावर पोचला व्हता. तिनं हाक मारली. त्यो थांबला म्हनं, पन फिरला न्हाई.

ती काय रडली-ओरडली न्हाई. नवऱ्याला येवढंच म्हनाली, "इचारनारं त्याला लई हायत. पाटील हाय, चावडी हाय. न इचारनारं येकच घर व्हतं. त्येबी तुमी चावडी केलंत."

 इलाही उठला, कोयता वड्याच्या डव्हात फेकला, आन जागा बदलली. येवढा उस्ताद मानूस, वादी ओढायच्या पोराच्या जागंवर बसला. समोरची उस्तादाची जागा मोकळी सोडली. कसम घेतली, ह्या चाकाला पातं लावनार न्हाई, आन समोर जो यील त्याला मरंपतुर येक सबूद इचारनार न्हाई. रोज सांजंला येकटाच वादी ओढायचा. पातं नसलेल्या चाकाचा आवाज येगळा असतो, लांब जातो. खिंडीत पार वर ऐकू जायचा म्हनं.

वर गेलेल्या अकरातला पयला उतरला त्यो मौला. शेजारचा पोरगा, दस्तगीरच्या बरोबरीचा. बिचकत बिचकत उस्तादाच्या जागंवर बसला. इलाही वादी ओढत ऱ्हायला. आन आता बघा त्या मानसाचं काय झालं असंल. समोर बसलेलं पोरगं सकाळपतुर दस्तगीरच्या शेजारी व्हतं. इलाहीला, दस्तगीर जेवला का म्हनून इचारायचं व्हतं, जित्ता हाय का म्हनून इचारायचं व्हतं. आन इचारायचं न्हाई ही कसम त्याचीच. दात दाबून वादी ओढली. हाताला फोड आलं.

दुसऱ्या दिशी पाटील आला मौलाला न्ह्यायला. इलाही आडवा आला. "पाटील, ह्यो माझ्या चाकावर बसतो. हितनं फुडं ह्याच्या हातनं काय झालं तर खांबाला मला बांधा."

पाटील हासला. "इलाही, तुझं सोताचं पोरगं सांबाळता आलं न्हाई तुला."

"न्हाई आलं," इलाही म्हनाला. "म्हनून तर आडवा आलोय."

दोनदा बांधला त्याला, म्हाताऱ्याला, खोट्याच आळावर. गप बांधून घेतलं, सुटल्यावर येऊन वादी धरली. मौला नऊ दिस नुस्ता बसला. धाव्या दिशी आपसूक बोलला, कुनी न इचारता. मग त्या गाडीवानाच्या दारात गेला, म्हनाला मी बी व्हतो त्यात. वरीसभर त्याच्या बैलांची वैरन केली.

अकरातली धा पोरं अशी उतरली. येका पाठोपाठ येक, कुनी महिन्यानं, कुनी दोन वर्सांनी. धाही जनांसमोर इलाहीच्या जिभंवर त्योच सवाल. धाही खेपंला गिळला. आन पोरांनीबी दस्तगीरचं नाव काढलं न्हाई. त्यांना वाटायचं, हितं बोलायचंच नसतंय. कसम घेताना ही बाजू त्याच्या ध्यानात आली न्हाई.

म्हातारा वादी धरूनच गेला. धाकलं पोरगं शेवटी आलेलं, त्यानं मातीच्या येळंला रहिमतबीच्या पायाशी बसून सांगितलं म्हनं. दस्तगीर येकदा आनी उतरला व्हता. वळनापतुर आला, ह्ये पोरगं बरोबर व्हतं. समोरच्या जागंवर मौला बसलेला दिसला, आन अब्बा त्याच्यासाठी वादी ओढतोय. लई येळ बघत उभा ऱ्हायला. म्हनाला, "बरं झालं, जागा भरली." तिथनं त्यो टोळीतबी गेला न्हाई, घरीबी आला न्हाई. कुटं गेला त्ये कुनाला ठाऊक न्हाई.

रहिमतबीनं ऐकलं आन दुसऱ्या दिसापासनं वादी तिनं धरली. बाईनं, तवाच्या काळात. येक रीत तिनं नवी घातली.

आजबी हितं पोरं येत्यात. आता खिंडीत टोळी न्हाई, पन शहरात कुनी भाई असतो, गाडी देतो, नावाच्या मागं 'शेठ' लावतो. पोलिसांनी पकडलं की पयलं आडनाव इचारत्यात, त्येबी तसंच हाय. चार दिस, चार महिनं, पोरं हितं बसत्यात. सद्या वादी माझ्याकडं हाय. माझं तोंड फाटकं, सगळ्या तालुक्याला ठाऊक, पन ओट्यावर मी जीभ दाबून बसतो. औंदा येक पोरगं बसतंय. कुनाचं, त्ये मी सांगनार न्हाई.

आन आजबी दिवा लागायच्या जरा आदी समोरचा मानूस उठतो, कोन बी असू दे. जागा झटकून मोकळी करतो आन बाजूला उभा ऱ्हातो. मी वादी ओढतच असतो. अजान व्हईपतुर समोर कुनी बसायचं न्हाई, ही रहिमतबीची रीत. वळनावरून कुनी बघितलं तर जागा रिकामी दिसाया पायजे.