नानांवरची चढाई

"तो आवाज एकट्या तुलाच आला, का समोरच्यांनाही?"

हसुराम नानांनी मान वर न करता विचारलं. हातात पांढऱ्या फक्कीचं घमेलं होतं. ओणवे होऊन ते कबड्डीच्या मैदानाची मध्यरेषा ओढत होते, आणि माती नुकतीच पाणी शिंपून दाबलेली होती.

कल्पेश घरत रेषेच्या कडेला उभा होता. तो आला होता रविवारच्या सामन्यात जागा मागायला, आणि नाना नऊ वर्षांपूर्वीच्या आवाजाची गोष्ट काढून बसले होते.

"मलाच आला," तो म्हणाला. "दहा हजार माणसं बोंबलत होती, नाना. पण हा आवाज आतून आला, डाव्या गुडघ्यातून. होडीची ओली दोरी ताणता ताणता तुटते ना... तसा. जड आणि आखूड."

"मग?"

"मग काय? रेषा दोन हात लांब होती. आधी हात पुरवला, आणि मगच पडलो."

"गुण?"

"दोन."

नानांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही.

"अजून येतो तो आवाज?"

"...येतो."

नानांनी घमेलं खाली ठेवलं आणि कमरेला हात देऊन उभे राहिले.

खाडीकाठच्या त्या गावात पन्नास वर्षं नानांनी पोरांना कबड्डी शिकवली. कल्पेश त्यांच्याकडे आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. नाकाला शेंबूड आणि पायाला भिंगरी. पुढे तो शहरात गेला, मोठ्या संघात गेला, मॅटवर गेला. बारा वर्षं त्याने चढाईवर पोट भरलं. एका दमात एकट्याने सात जणांच्या घोळक्यात शिरायचं, हात लावायचा आणि जिवंत परत यायचं, हीच त्याची नोकरी. दोन वेळा गुडघा फाडून शिवला होता. या वर्षी संघाने त्याला फोनवरच मोकळं केलं. बोलणारा माणूस मागे कुणाला तरी चहात साखर कमी सांगत होता.

कल्पेशला चौतिसावं लागलं होतं.

रविवारी गावदेवीच्या जत्रेतले सामने होते. ठाण्याच्या एका संघाची माणसं नवे चढाईवाले बघायला येणार होती. त्यांनी बघितलं, तर आणखी एक वर्ष. नाही बघितलं, तर संपलंच. पण गावाच्या सातांत कोण उभं राहणार हे नानाच ठरवत, आणि त्यांचा शब्द ओलांडायची कुणाची छाती नव्हती.

"कमिटी म्हणते, रविवारी तुझा सत्कार करायचा," नाना म्हणाले. "शाल, नारळ. स्टेजवर खुर्ची. तीही गादीची."

"शाल तुम्हीच घ्या. मला चढाई द्या."

"मला तीन शाली आहेत. एकीवर मांजर व्यालंय."

"नाना, मी थट्टा करायला नाही आलो."

"मांजरही थट्टा करायला नव्हतं आलं." नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "डॉक्टर काय म्हणतो?"

"आणखी एकदा पिळला तर जन्माचा लंगडशील, म्हणतो." कल्पेशचा आवाज चढला. "आणि नऊ वर्षांपूर्वीचा डॉक्टर म्हणाला होता, तू पळणारच नाहीस. त्याच्या नाकावर टिच्चून नऊ वर्षं पळालो! यालाही खोटा पाडीन."

"आणि सुप्रिया?"

बायकोचं नाव निघालं तसा तो थोडा खाली आला.

"ती बोलत नाही."

"भांडली?"

"नाही. जेवायला वाढते. बोलत नाही."

 नानांनी कुंपणाला टेकवलेली काठी उचलून पलीकडच्या अर्ध्या मैदानाकडे केली.

"चढाई कर."

"कुणावर? कुणीच नाही तिथे."

"म्हणूनच कर."

हा काय पोरखेळ, असं कल्पेशच्या मनात आलं. पण बारा वर्षं मोठ्या मोठ्या प्रशिक्षकांशी वाद घालणारा हा माणूस नानांपुढे अजून अकराचाच होता. त्याने बूट काढले. रेषेला हात लावून कपाळाला लावला, छाती भरून घेतली आणि दम घालत आत शिरला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी...

काय ते जाणं! उजवीकडे झुकला, तसा डावीकडे वळला. लांब पाय टाकून कोपऱ्यात नसलेल्या एका गड्याला चकवलं, मागच्या रेषेपर्यंत जाऊन गर्रकन फिरला, आणि तोच दम तोंडात घेऊन परत आला. धापसुद्धा फारशी लागली नव्हती.

"बोला आता!" त्याने छातीवर थाप मारली. "संपलोय मी?"

"पलीकडे कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"मग डावा पाय कुणापासून लपवत होतास?"

कल्पेशने आपल्या पायाकडे बघितलं.

नानांनी काठीने ओली माती दाखवली. उजव्या पायाचे ठसे पुरे होते, टाचेसकट, खोल. डाव्याचे नुसते चवडे. जाताना चवडा, येताना चवडा. मांजराने भिंतीवरून चालावं तसा तो पाय साऱ्या मैदानभर चोरून फिरला होता.

"मॅटवर हे दिसत नाही," नाना म्हणाले. "माती चुगलखोर."

कल्पेश उसळला.

"सवय आहे ती! नऊ वर्षं सात सात माणसं याच पायावर टपलेली. रिकाम्या मैदानात काय कळणार? समोर माणूस द्या, मग बघा!"

"माणूस पाहिजे?"

"हो. पाहिजे."

नानांनी चष्मा काढला, टोपीत ठेवला, आणि टोपी कुंपणाच्या दगडावर ठेवली. धोतर वर खोचलं. काठी टाकून दिली. मग सावकाश मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेले, आणि डाव्या कोपऱ्यात, रेषेच्या जवळच, गुडघे वाकवून उभे राहिले. दोन्ही हात पुढे. बोटं उघडी.

"नाना, हे काय?"

"माणूस."

"बाहेर या. लागेल तुम्हाला."

"ये तू."

"अहो, वय बघा जरा!"

"बघितलं. अठ्ठ्याहत्तर आहे. पुढे बोल."

"हाडं राहिलीत का तुमची पहिल्यासारखी? एकदा कुठे मोडलं तर जन्माचे..."

आणि कल्पेशची जीभ तिथेच अडली.

"थांबलास का?" नाना वाकलेलेच होते. "चांगला बोलत होतास. डॉक्टर झाल्यासारखा."

खाडीवरून वारा आला. कल्पेशने एकदा रस्त्याकडे बघितलं. कुणी येत असतं तर बरं झालं असतं. कुणी येत नव्हतं.

"चढाई कर," नाना म्हणाले, "नाहीतर शाल घे."

हे मात्र कल्पेशला लागलं. त्याने रेषेला हात लावला आणि आत शिरला.

कबड्डी, कबड्डी...

त्याने मनात ठरवलं होतं की म्हाताऱ्याच्या खांद्याला बोट लावायचं आणि फिरायचं. दोन पावलांचं काम. तो पुढे झाला, हात लांब केला. तेवढ्यात नानांचा डावा खांदा पडला. कल्पेशला दिसलं. नाना आता घोट्यावर येणार, हे त्याला पापणी लवायच्या आत कळलं. पाय मागे ओढायला वेळही होता. पण ओढला असता तर गुडघा वर आला असता, आणि वर नानांची हनुवटी होती.

त्याने पाय तिथेच ठेवला.

नानांच्या दोन्ही हातांनी घोटा पकडला. काथ्याच्या दोरीसारखे खरखरीत हात. म्हातारा पोटावर आडवा झाला होता, गाल मातीत, पण पकड सुटत नव्हती.

कबड्डी, कबड्डी...

एक हिसडा, बस. कल्पेशने याहून दुप्पट वजनाची माणसं फरपटत नेली होती, दोन दोन, तीन तीन. त्याने खाली बघितलं. नानांच्या पांढऱ्या केसांत लाल माती भरली होती.

कबड्डी... कबड्डी...

तो उभाच राहिला. रेषा हाताच्या अंतरावर होती. आवाज बारीक होत गेला, घशात घरघर आली, आणि दम सुटला.

"बाद," नाना मातीत तोंड ठेवूनच म्हणाले.

कल्पेशने त्यांना काखेत हात घालून उठवलं. गाल खरचटला होता. कोपरातून रक्त येत होतं.

"लागलं ना?"

"लागलं की."

"सांगत होतो मी..."

"मीच म्हटलं होतं, ये म्हणून." नानांनी तोंडातली माती थुंकली. "ओढलं का नाहीस?"

"दात पडले असते तुमचे."

"दोनच आहेत. तेही एकमेकांशी बोलत नाहीत."

कल्पेशला हसू आलं. त्याने ते गिळलं, कारण त्याला अजून राग सोडायचा नव्हता.

"मी खाली येतोय, हे दिसलं तुला?"

"दिसलं. तुमचा खांदा आधी पडतो."

"आणि हे कुणाचं?"

नानांनी बोट दाखवलं. जिथे पकड झाली होती तिथे डाव्या पायाचा ठसा होता. पुरा. टाच अशी रुतलेली की आत पाणी जमायला लागलं होतं.

कल्पेशने वाकून त्या ठशात बोट घातलं.

"माझं लक्ष तुमच्याकडे होतं," तो पुटपुटला.

 नानांनी चष्मा घातला, टोपी घातली, कोपराच्या रक्ताला चिमूटभर माती लावली.

"ते सगळं जाऊ दे, नाना. रविवारचं सांगा. सातांत आहे का नाही? उत्तर घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि नाही म्हणालात तर खाडीपलीकडच्या संघातून उतरेन. तुमच्याच पोरांना एकेक करून बाद करीन."

"करशील?"

"करीन!"

"तोंड वर करून सांगतोस मला?"

"तुम्हीच शिकवलंय."

नानांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बाजारात बैलाचे दात बघावेत तसं.

"सातांत आहेस," ते म्हणाले.

कल्पेशने सुस्कारा सोडला. त्याचे हात आपोआप नानांच्या पायांकडे गेले.

"डावा कोपरा," नाना म्हणाले.

हात अर्ध्यावरच थांबले.

"कोपरा? पकडी करायच्या मी?"

"हो."

"नाना, मी चढाईचा माणूस आहे."

"मीही होतो."

"बारा वर्षं! बारा वर्षं लोकांनी मला चढाईला ओळखलं. ठाण्याची माणसं चढाई बघायला येतायत."

"येऊ देत. बसायला गादीची खुर्ची आहे, मोकळीच राहील."

"कोपऱ्यात माझा गुडघा वाचेल, असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. तिथे मार जास्त आहे. सगळं अंग खालीच येतं."

"मग?"

"मग काय? गुडघाच वाचवायचा तर शाल आहे."

कल्पेश मागे सरकला. त्याला ओरडायचं होतं. ही शिक्षा आहे की बक्षीस, तेवढं तरी सांगा, असं म्हणायचं होतं. पण नाना परत ओणवे झाले होते आणि झटापटीत पुसलेल्या रेषेवर चिमटीने फक्की सोडत होते. रेषा सरळ जात होती.

"चढाईवाला एकटा असतो, नाना. सगळं मैदान त्याच्याकडे बघतं," कल्पेश म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग होता आणि त्याच्याखाली दुसरंही काही होतं. "कोपऱ्यातल्याकडे कोण बघतं?"

"ज्याचा घोटा धरशील, तो."

 कल्पेशने वाकून मूठभर माती उचलली, दोन्ही तळव्यांना चोळली, आणि तो मध्यरेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे चालत गेला.