घाटावरच्या वैद्यबाईची परीक्षा

फार फार वर्षांपूर्वी, घाट उतरला की राज्यही बदलत असे, त्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी नुसते ऐकल्यासारखे करू नये.

घाटाखाली समुद्राकाठी एक राज्य होते. तिथे एक वृद्ध राजवैद्य होता. त्याने इतके ग्रंथ वाचले होते, की एका प्रश्नाची त्याला तीन उत्तरे येत. आणि म्हणूनच त्यांतले एकही त्याला ठामपणे देता येत नसे. औषध देऊन घरी आला, की तो पुन्हा रोग्याच्या दारी जाई आणि विचारी, "मी मघाशी मधातूनच घ्यायला सांगितलं ना?" लोक हसत. पण त्याच्या हातून कुणाचे वाईट झाले नव्हते, म्हणून हसून सोडून देत.

एकदा घाटावरच्या राज्यातून एक वैद्यबाई खाली आली. केस पिकेपर्यंत तिने तिकडे रोगी बरे केले होते. तिकडच्या राजाने दिलेला तांब्याचा बिल्ला तिच्या गळ्यात होता. तिची एकुलती एक लेक खालच्या कोळीवाड्यात दिली होती, आणि त्या कोळीवाड्याचा वैद्य नुकताच वारला होता. लेक म्हणाली, "आई, आता इथंच राहा." गाव म्हणाले, "बाई, आम्हाला वैद्य हवाच आहे."

राज्याचा नियम मात्र म्हणाला, "थांबा."

नियम असा होता, की परराज्याचा बिल्ला इथे चालणार नाही. परक्या वैद्याने राजवैद्यापुढे परीक्षा द्यावी, तोवर रोग्याला हात लावू नये. परीक्षा चालू असताना राजवैद्याने एका शब्दानेही मदत करू नये. केली तर परीक्षा रद्द, आणि वैद्याने पुढच्या वर्षी यावे.

ठरल्या दिवशी राजवैद्य कोळीवाड्यात आला. सारे गाव भोवती बसले.

"ज्वराचे प्रकार किती?" त्याने विचारले.

"आठ," बाई म्हणाली.

इथल्या ग्रंथात तेरा होते. राजवैद्य गोंधळला. ही चूक धरायची, की तिच्या आठांत आपले तेरा मावतात? त्याने बोटांवर मोजून पाहिले. एकदा मावले, एकदा उरले.

"नाडी कोणत्या हाताची आधी पाहावी?"

"जो हात रोगी आपण होऊन पुढं करील, त्या हाताची."

हे तर कोणत्याच ग्रंथात नव्हते. पण चूक आहे असेही कुठे लिहिलेले नव्हते. राजवैद्याच्या कपाळाला घाम फुटला.

गावचा म्हातारा प्रमुख कंटाळून म्हणाला, "राजवैद्य, तुमची परीक्षा संपेपर्यंत आम्ही आजारी पडायचं थांबवू काय?"

इतक्यात एक कोळीण धावत आली. तिच्या मुलीचा ताप चढला होता. राजवैद्याचाच काढा तिला दोन दिवस चालू होता आणि गुण येत नव्हता.

राजवैद्य उठला. "बाई, आता हीच तुमची परीक्षा. पोरीला तपासा. मी बोलणार नाही."

सगळे कोळिणीच्या झोपडीत गेले. मुलगी तापाने फणफणली होती. वैद्यबाईने नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग आपल्या गाठोड्यातली घोंगडी काढून तिने मुलीला गुंडाळले. "घाम निघाला की ताप उतरेल," ती आईला म्हणाली.

घाटावर हवा कोरडी आणि गार. तिथे ती घोंगडी कितीदा गुणकारी ठरली होती. पण इथली हवा ओली, दमट. इथे घाम वाळत नाही आणि अंगातली आग अंगातच कोंडते. राजवैद्याला हे ठाऊक होते. त्याने तोंड उघडले, आणि मिटले.

बोलावे, तर परीक्षा रद्द. गाव वर्षभर वैद्यावाचून राहील. न बोलावे, तर ही पोर! आणि बाईचेच बरोबर असेल तर? तिनेही आयुष्यभर रोगी बरे केलेत. पण मग पोरीचा चेहरा असा लाल का होतोय? राजवैद्य दाराशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

मुलीचे डोळे फिरू लागले.

"घोंगडी काढा!" राजवैद्य ओरडला. "इथल्या हवेत घाम वाळत नाही, बाई. ताप कोंडतो आत!"

प्रमुखाने कपाळावर हात मारला. "झालं! उभ्या जन्मात एकदा ठामपणे बोललात, ते नेमकं आजच?"

वैद्यबाईने घोंगडी केव्हाच दूर फेकली होती. ओल्या फडक्याने मुलीचे अंग पुसत ती म्हणाली, "हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?"

"कारण तुम्हाला ते येतं का, हे आम्ही तपासत होतो," राजवैद्य म्हणाला. आणि आपलेच उत्तर कानी पडल्यावर ते त्याला फार विचित्र वाटले.

अंग जरा निवल्यावर बाई मुलीच्या पायांशी बसली आणि तिचे तळवे पाहू लागली.

"तळवे कशाला?" राजवैद्याने विचारले.

"आमच्याकडं बाभळीचे काटे फार. पोर तापलं, की तळवे बघितल्याशिवाय आम्ही उठत नाही."

टाचेत माशाचा काटा मोडून बसला होता. भोवती पू धरला होता. बाईने काटा काढला, पू वाहू दिला, जखम धुऊन बांधली. दुसऱ्या दिवशी मुलीने पेज मागितली.

राजाने दरबारात विचारले, "बाई उत्तीर्ण की अनुत्तीर्ण?"

"महाराज, मला कळत नाही," राजवैद्य म्हणाला. "नियमाप्रमाणे अनुत्तीर्ण, कारण मी बोललो. न बोलतो, तर पोर दगावली असती आणि परीक्षा मात्र नियमाप्रमाणे पार पडली असती. शिवाय त्या पोरीचे तळवे दोन दिवस मीही पाहिले नव्हते. मग अनुत्तीर्ण कुणाला करायचं?"

राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने छताकडे पाहिले.

मग राजा म्हणाला, "रद्द झालेली परीक्षा मी जोडू शकत नाही. पण नियम माझाच आहे, तो मी बदलू शकतो."

तेव्हापासून परराज्याचा जाणता वैद्य आला, की तो एक ऋतू इथल्या वैद्याबरोबर रोग्यांच्या घरी फिरे. इथे काय वेगळे आहे ते हा सांगे, तिथे काय वेगळे होते ते तो सांगे, आणि मगच त्याला इथला बिल्ला मिळे. पहिला ऋतू वैद्यबाई आणि राजवैद्य बरोबर फिरले. वाटेत दोघे इतके भांडत, की रोगी आपले दुखणे विसरून ऐकत बसत. पावसाळा सरला आणि कोळीवाड्याला वैद्य मिळाला.

आपण त्या दिवशी नियम मोडला ते योग्य केले का, याचा निर्णय मात्र राजवैद्याला अखेरपर्यंत झाला नाही.

तात्पर्य: परक्या जाणत्याला काय येत नाही हे शोधण्याआधी, आपल्याकडे काय वेगळे आहे ते त्याला सांगावे.