हत्तीच्या धड्याची मूळ फाइल

हत्ती शिंकला तो थेट महाराजांच्या अंगावर, आणि अडकलो मी!

त्याचं असं झालं. टेंभापूरच्या राज्यात माहुतापासून आचाऱ्यापर्यंत सगळे आपापलं काम संगणकावरच्या धड्यांतून शिकत. नव्या माहुताने 'हत्तीचा आहार' हा धडा मन लावून पाहिला आणि त्यात सांगितल्याप्रमाणे हत्तीला टोपलीभर हिरव्या मिरच्या चारल्या. पुढचं सांगायलाच नको.

हैबतराव महाराज तोंड पुसत गरजले, "दफ्तरदार! तो धडा आत्ताच्या आत्ता सुधारा!"

दफ्तरदार म्हणजे मी. पगडी मोठी, आत हवा खेळती. म्हणालो, "महाराज, लोकांपुढे गेलेला धडा म्हणजे भाजलेली भाकरी. आता मीठ कसं घालणार? त्याला पीठच हवं. म्हणजे धड्याची मूळ फाइल."

"मग काढा की!"

"कोठारात शेकडो फायली आहेत, महाराज. 'फायनल', 'नवी फायनल', 'आता खरंच फायनल'... कुठली कशाची, कळत नाही." ही नावं देण्याची पद्धत कुणी पाडली, ते मात्र मी बोललो नाही.

"उद्या दरबारात ती हजर करा. नाही सापडली, तर टोपलीभर मिरच्या तुम्ही खायच्या. सगळ्यांसमोर!"

अहो, मला साधी आमटी तिखट लागते!

धडे करणाऱ्या पंडितांना गाठलं. जो तो म्हणे, "आमचा नव्हे तो!" आणि चालू लागे. मग स्वतः फायली उघडत बसलो. पुरणपोळीचा धडा निघाला, भूक लागली, घरी आलो.

बायको द्वारका म्हणाली, "अहो, लग्नघरी चपलांच्या ढिगात आपली सापडली नाही, तर काय करायचं?"

"दुसऱ्याची घालून यायचं."

"ते तुम्ही! शहाणी माणसं बाकीच्यांना आपापल्या घालू देतात. उरेल ती आपली."

"पण पंडित ढिगाजवळ येतील तर ना!"

"त्यांना सांगा, ज्याला आपल्या धड्यांच्या मूळ फायली दाखवता येणार नाहीत, मिरच्यांचा धडा त्याचाच!"

सकाळी कोठारात ही झुंबड! जो तो आपली फाइल ओळखून तिच्यावर स्वतःचं नाव घालतोय. दुपारपर्यंत एकच बेवारस उरली.

दरबारात ती उघडली. हत्ती! मिरच्या! सुटलो बुवा एकदाचा!

पण मूळ फाइलीत, धड्यात न घेता पानाच्या कडेला टाकून दिलेलं सामानही दिसतं. तिथे हत्तीवर बसलेल्या महाराजांची चित्रंच चित्रं! एकापेक्षा एकात मिशा मोठ्या!

दरबारी माना पुढे करून बघू लागले. मग सगळ्यांना आठवलं. राज्यातला हा पहिला धडा महाराजांनी स्वतः केला होता. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने "वाहवा!" ओरडलो होतो मी. धडा न बघताच.

महाराज पुटपुटले, "आम्हाला मिरची आवडते. वाटलं, त्यालाही आवडेल." मग माझ्याकडे डोळे वटारून म्हणाले, "आता ही आणलेली मिरच्यांची टोपली कुणी खायची? बोला!"

मी मागे उभ्या असलेल्या द्वारकेकडे पाहिलं. द्वारका पुढे झाली. "महाराज, फाइल सापडली नाही तर मिरच्या, असा आपला हुकूम होता. सापडली की! आता टोपली भाजीवालीला परत करा. हत्ती काही रागावणार नाही!"

महाराज पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांनी माझी पगडी उचलली आणि द्वारकेच्या डोक्यावर ठेवली. "बाई, आजपासून दफ्तरदार तुम्ही!"

पगडी तिला नेमकी बसली हो! तिने लगेच पहिला हुकूम सोडला, "कोठारात 'फायनल' नावाची एकही फाइल दिसता कामा नये!"

नावं बदलायला कोण बसलंय, ते सांगायला हवं का?